नाताळची सजावट घरच्या घरी: कामट्या, खोका, बाटली की सुरूची फांदी?

आगमनकाळाचा (नाताळच्या आधीच्या चारेक आठवड्यांचा) पहिला रविवार झाला की आमच्या घरी यंदा तारा कशाचा करायचा यावर बोलणे सुरू होते. मी वसईत वाढले, त्यामुळे कामट्यांचे तारे आणि ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे पेंढ्याचे गोठे लहानपणापासून हाताखालून गेलेले आहेत. अलीकडे ओळखीतले पुष्कळ जण विचारतात, ‘टाकाऊतून करायचे आहे, पण नेमके काय जमवू? बाटल्या ठेवू की खोके?’ दोन्ही जमवून बसलेले आणि काहीच न झालेले घरही मी पाहिले आहे. म्हणून हा आढावा.

आधी पैशाचे बघू. वस्तू टाकाऊ असली म्हणजे काम फुकट होते, असे नाही. एका वर्षी मी थंड पेयांच्या चाळीसेक बाटल्या जमवून झुंबर करायला घेतले. बाटल्या फुकट होत्या, पण प्लास्टिकवर बसणारा रंग, गोंदाची बंदूक, तिच्या कांड्या, चमकी हे सगळे धरले तर तेवढ्यात बाजारातून दोन चांगले तारे आले असते. तेव्हापासून काहीही हाती घेण्याआधी दुकानातून काय काय आणावे लागेल ते लिहून काढते. यादी दोरा, कागद आणि खळीच्या पुढे गेली की बेत बदलते. दुसरे म्हणजे, ६ जानेवारीला बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण झाला की सजावट उतरते. उतरल्यावर ती माळ्यावर जाणार, झाडाच्या आळ्यात जाणार की कचऱ्याच्या गाडीत, हेही आधीच ठरवते. खाली जी डावी-उजवी केली आहे ती या दोन गोष्टींवरून.

तारा

कामट्यांचा तारा अजूनही मला सगळ्यांत सरस वाटतो, आणि त्याला लागणारा बांबू विकत आणायची गरज नसते. नाताळच्या दीड-दोन महिने आधी दिवाळी होऊन गेलेली असते. कागद फाटलेले आकाशकंदील शेजारीपाजारी गच्चीवर पडलेले असतात. दोन-तीन घरी विचारले की सांगाडे मिळतात, आणि बहुतेक जण आनंदाने देतात.

सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या. एकीवर दुसरी ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची. मग मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी चार-चार बोटे लांबीचे तुकडे उभे अडकवायचे. तारा पोट धरून फुगतो. वरून पतंगाचा कागद. चिकटवायला मैद्याची किंवा कणकेची खळ पुरते, फक्त तिला झुरळे लागतात. पुस्तके बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, तो त्यासाठीच. मोरचूद विषारी असतो, म्हणून तो घातलेली खळ मुलांच्या हाती देऊ नका. मुले मदतीला असतील तर साधी खळ वापरा आणि उतरवल्यावर तारा कोरड्या जागी ठेवा.

मागच्या बाजूला एक त्रिकोण उघडा सोडून त्यातून दिवा आत घालायचा. दिवा एलईडीचाच घ्या. जुन्या पद्धतीचा ‘झिरो’चा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात पंधरा वॉटच्या आसपास वीज घेतो आणि तापतो. पतंगाच्या कागदाशेजारी तापणारी वस्तू रात्रभर ठेवायची नसते. अर्ध्या वॉटचा एलईडी पुरेसा उजेड देतो.

या ताऱ्याचे वैर आहे ते दवाशी. डिसेंबरात पहाटे कागद सैल पडतो, उन्हात पुन्हा ताणला जातो आणि पाच-सहा रात्रींत कडांना फाटू लागतो. ओटीच्या किंवा गॅलरीच्या छपराखाली टांगला तर सहज महिना काढतो. पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा. आमच्या एका सांगाड्याने अशी सहा वर्षे काढली आहेत.

आता दुधा-रसाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तारा. हे खोके म्हणजे कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे एकमेकांना चिकटलेले थर. थर वेगळे करणे जिकिरीचे असल्याने कोपऱ्यावरचा भंगारवाला ते सहसा घेत नाही. म्हणजे घरात ठेवून वापरण्याजोगी खरी टाकाऊ वस्तू हीच. खोका रिकामा झाल्या झाल्या धुवा, नाहीतर वास आणि मुंग्या. उलगडून सपाट केला की आतली बाजू चांदीसारखी चमकते, रंग लावायचे कामच नाही. दोन सारख्या चांदण्या कापायच्या. एकीला टोकापासून मध्यापर्यंत आणि दुसरीला खाचेपासून मध्यापर्यंत चीर द्यायची आणि एकमेकींत सरकवायच्या. साध्या कात्रीने आठ वर्षांचे मूलही हे करते. दव, पाणी कशाचाच त्रास नाही. उणीव एवढीच की यातून उजेड पार होत नाही. दाभणाने भोके पाडली तर ठिपके दिसतात, कामटीच्या ताऱ्याचा भरलेला प्रकाश मात्र येत नाही. ब्लॉकमधल्या खिडकीत अशा वीसेक छोट्या चांदण्या वेगवेगळ्या उंचीवर लोंबवल्या तर फार शोभतात.

प्लास्टिकच्या बाटलीला माझा विरोध आहे, आणि तो माझ्या फसलेल्या झुंबरामुळे नाही. थंड पेयाच्या बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो, कापला की फुलासारखा दिसतो, हे खरे. पण कापलेली कड बोट चिरते. आणि मुख्य म्हणजे, अखंड बाटली भंगारात विकली जाते, तिचा पुढे धागा वगैरे बनतो. तिच्यावर रंग, गोंद आणि चमकी चढवली की तिला कुणी हात लावत नाही. ज्या वस्तूचा पुन्हा वापर होणारच होता तिला सजवून आपण कचरा करतो. अंगण किंवा ओटी असेल तर कामट्या, खिडकीच असेल तर खोके. बाटल्या भंगारात द्या.

झाड

यावर फार बोलण्यासारखे नाही. माळ्यावर आधीचे प्लास्टिकचे झाड असेल तर तेच काढा, पुसा आणि लावा. ते फेकून पर्यावरणासाठी नवे काही करायला जाऊ नये. नसेल तर आमच्याकडे सुरूची फांदी आणायची रीत होती. दिसते सुंदर, पण दोन-तीन दिवसांत सुकते, काड्या घरभर होतात, सुकलेली फांदी पटकन पेट घेते. शिवाय किनाऱ्यावरची सुरूची झाडे वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावलेली आहेत, एकेका घराने एकेक फांदी म्हटले तरी रांगा बोडक्या होतात. वादळात पडलेली फांदी मिळाली तर गोष्ट वेगळी. मी पेरूची छाटलेली फांदी ओल्या वाळूच्या डब्यात रोवते. पाने गळून गेलेली, नुसत्या काड्यांची. तिच्यावर चांदण्या उलट जास्त उठून दिसतात, आणि नंतर ती चुलीत जाते. जागाच नसेल तर भिंतीवर जुन्या दोऱ्यांचा त्रिकोण ताणून त्याला लग्नपत्रिकांच्या चांदण्या अडकवा.

गोठा

गोठ्यासाठी सगळ्यांत आधी थर्माकोल बाद करा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. बंदी वापरावरही आहे, म्हणून घरात गणपतीच्या मखराचा जुना तुकडा उरला असेल तर तोही वापरायचा नाही. तसेही गोठ्याचे मूळ रूप थर्माकोलपासून फार लांबचे आहे. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हा त्यात होती गव्हाण, पेंढा आणि जिवंत बैल-गाढव. गोठा हा गोठ्यासारखाच दिसावा, असे मला मनापासून वाटते.

राहतात दोन पर्याय, पुठ्ठा आणि माती. फळवाल्याकडचा जाड खोका आडवा ठेवला की भिंती आणि छप्पर एकदम तयार. छपरावर पेंढा, तो नसला तर खराट्याचे जुने हीर. डोंगर वर्तमानपत्राचा: कागद चुरगळायचा, पुन्हा अर्धवट उलगडायचा, गडद चहाच्या पाण्यात किंवा गेरूत बुडवून वाळवायचा. सुरकुत्यांमध्ये रंग साचतो आणि खडक दिसू लागतो. एका संध्याकाळचे काम, खर्च जवळजवळ नाही, वजन कमी. टीव्हीच्या कपाटावर, टेबलाच्या कोपऱ्यात कुठेही मावतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने डोळे मिटून हाच करावा.

अंगण असेल तर मात्र माती. टोपल्या आणि विटा उपड्या मांडायच्या, गोणपाट लाल मातीच्या पातळ चिखलात, थोडी खळ घालून, चांगले भिजवायचे आणि त्यावर टाकायचे. चुण्या आपल्या हाताने पाडायच्या, त्याच दऱ्या आणि पायवाटा. दोन दिवसांच्या उन्हात ते ताठ वाळते. याला चार हात, दोन सुट्ट्या आणि थोडी पाठदुखी लागते. पण वाडीतली सगळी मुले येऊन हात घालतात, आणि ते सुख पुठ्ठ्याच्या गोठ्यात नाही. नंतर माती आळ्यात, गोणपाटही त्यावरच. कचरा शून्य.

हिरवळ दोन्ही गोठ्यांना एकच, आणि तीही विकत आणायची नाही. घटस्थापनेला घटाभोवती धान्य पेरतात तसे करवंट्यांत किंवा मिठाईच्या खोक्याच्या झाकणांत माती भरून नाचणी किंवा गहू दाट पेरायचे. घटातले धान सावलीत वाढते म्हणून पिवळे राहते. आपल्याला हिरवे हवे, तर अंकुर दिसताच झाकणे खिडकीत ठेवा. गहू आठवड्यात बोटभर होतो, नाचणीला थोडे जास्त दिवस लागतात, म्हणून नाचणी १३-१४ डिसेंबरला पेरावी. याबाबतीत उशीर चालत नाही. २० तारखेला आठवण झाली तर हिरवळ विसरा आणि लाकडाचा भुसा पसरा.

मूर्तींबद्दल: तुटल्या म्हणून नवा संच आणू नका. मेंढीचा पाय, राजाचा हात हे कागदाच्या लगद्यातून छान जोडता येते. पूर्वी घरोघरी कागदाच्या लगद्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून टोपल्या करत, तोच लगदा. मेथीने तो चिकट होतो आणि कडूपणामुळे किडीलाही नकोसा होतो.

भेटी

बरण्या सगळ्यांना सुचतात. जामच्या काचेच्या बरणीत कुलकुल (नाताळचा तळलेला गोड खाऊ) भरून द्यायचे, हे सोपे आणि घेणाऱ्याला उपयोगी. एक काळजी घ्या: काच धुतली की स्वच्छ होते, पण लोणच्याचा वास झाकणात बसलेला असतो. सोड्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवूनही तो गेला नाही, तर त्या बरणीत खाण्याचे देऊ नका. आणि कुलकुल पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचे नाही, नाहीतर मऊ पडतात.

बरणीपेक्षा मला त्या मेथीच्या लगद्याची टोपली देणे आवडते. एखाद्या वाडग्याच्या बाहेरून लगदा थापायचा, वाळल्यावर वाडगा काढून घ्यायचा. आत केळीचे पान घालून नेवऱ्या (करंज्या) किंवा दोदोलच्या, म्हणजे नारळ-गुळाच्या मिठाईच्या, वड्या. अशी टोपली माणसे वर्षानुवर्षे ठेवतात. पण ती वाळायला चार-पाच दिवस लागतात, एका माणसाकडून आठवड्यात तीन-चारच होतात. दहा घरी द्यायचे असेल तर नोव्हेंबरातच सुरुवात हवी. डिसेंबरची १५ तारीख उलटली असेल तर मुकाट्याने बरणी निवडा.

मेणबत्त्या मुलांना फार आवडतात, पण त्या मोठ्यांनीच कराव्यात. उरलेली थोटके एका डब्यात, तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात. थेट आचेवर मेण कधीच ठेवायचे नाही, आणि पेटले तर पाणी ओतायचे नाही, वर झाकण टाकून आच बंद करायची. साच्यासाठी पातळ काचेचा पेला नको, तडकतो. दिवाळीच्या पणत्या उत्तम: तेल प्यायलेल्या असल्यामुळे मेण फारसे शोषत नाहीत. पुसून पूर्ण कोरड्या मात्र हव्यात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणाचा खच पडतो आणि तो गोळा करावा असे कुणी सुचवतेच. मी ते घेत नाही. ते कुणाच्या तरी माणसासाठी लावलेले असते. घरातली आणि शेजारची थोटके पुरतात.

जुन्या सुती साडीची पिशवी ही या सगळ्यांत सर्वाधिक काळ वापरली जाणारी भेट. पण त्यासाठी घरात शिलाई यंत्र हवे. शिंप्याकडे टाकली तर शिलाईतच बाजारातल्या पिशवीची किंमत होते. यंत्र असेल आणि साडीचा पदर अजून धड असेल तर माझे मत पिशवीला. काठ वर येतील असे कापा, बंदही काठाचेच.

बांधायला चकचकीत भेटकागद आणू नका. बऱ्याच कागदांवर प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि ते रद्दीतही जात नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयाची अकरा पाने डिसेंबर येईपर्यंत उलटून गेलेली असतात. कागद जाड, घडी छान बसते. आकड्यांची बाजू बाहेर ठेवते आणि ज्याला द्यायचे त्याच्या वाढदिवसाची तारीख वर येईल अशी घडी घालते. मागच्या मजकुरात एखादी चांगली पाककृती असेल तर तेवढे पान आधी वाचून घेते. सुतळीने बांधले की झाले, चिकटपट्टी लागतच नाही.