डीएसओ १३८: गिटारचे डिस्टॉर्शन पडद्यावर पाहताना

गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी, म्हणजे डिस्टॉर्शनची, दोन पेडले (पायाने चालू-बंद करायची छोटी उपकरणे) शेजारी ठेवून कोणते चांगले असे विचारले, तर बहुतेक गिटारवादक जे मोठ्याने वाजते त्यालाच कौल देतात. मीही अनेक वर्षे तेच केले. गणेशोत्सव जवळ आला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत ऑर्केस्ट्रातल्या मित्रांची पेडले दुरुस्तीला येतात. त्यांच्यासाठी केवळ कानावर विसंबणे मला पटेना, म्हणून डीएसओ १३८ हा छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारे उपकरण, घेतला.

हा सुट्या भागांचा संच म्हणून मिळतो आणि सोल्डरिंगला माझा एक पूर्ण रविवार गेला. पडदा २.४ इंची, बँडविड्थ (जिथपर्यंतची वारंवारता नीट दिसते ती मर्यादा) २०० किलोहर्ट्झ आणि सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नलची मोजणी, सेकंदाला १० लाख वेळा. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतल्या उपकरणांपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु गिटारच्या सहाव्या मोकळ्या तारेचा स्वर ८२.४ हर्ट्झचा असतो आणि गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे ऐकवतच नाही, त्यामुळे या कामाला ते पुरून उरतात.

मोबाइलमधून २२० हर्ट्झचा साइन (एकाच वारंवारतेचा शुद्ध) स्वर पेडलला दिला की खरा फरक उघड होतो. बॉस कंपनीच्या डीएस-१ या पेडलमध्ये डायोड (ठरावीक व्होल्टनंतर वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसवलेले असतात, म्हणून डायोडपाशी प्रोब (ऑसिलोस्कोपची मोजणीची वायर) लावल्यावर लाटेचे माथे साधारण ०.६ व्होल्टला कापल्यासारखे सपाट दिसतात. तीच लाट आउटपुटच्या जॅकवर पाहिली, तर टोनच्या सर्किटमुळे तो सपाट माथा उतरता झालेला असतो. बॉसच्याच एसडी-१ मध्ये डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून परत इनपुटकडे जाणाऱ्या वाटेत, असतात, एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक. त्यामुळे माथे गोलसर राहतात, वरची आणि खालची बाजू सारखी नसते आणि आवाजात सम हार्मोनिकही (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट अशा वारंवारतेचे स्वर) येतात.

मला सर्वाधिक भावले ते गिटार वाजवतानाचे दृश्य. पाचवी तार छेडल्यावर गिटारचा मूळ सिग्नल भराभर ओसरतो. पेडलनंतरची लाट मात्र कितीतरी वेळ तेवढ्याच उंचीची राहते, मग तिचे कोपरे हळूहळू गोल होतात आणि त्यानंतरच ती खाली येऊ लागते. ज्याला आपण सस्टेन (स्वराचे लांबणे) म्हणतो ते असे समोर उलगडते. एका मित्राच्या पेडलचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) पाऊणच्या पुढे नेल्यावर लाटेचा आकार जवळपास बदलतच नव्हता. तो इतके दिवस ज्याला जास्त डिस्टॉर्शन समजत होता, ती केवळ किंचित वाढलेली पातळी होती.

उणिवाही आहेत. चॅनेल एकच असल्याने इनपुट आणि आउटपुट एकाच वेळी शेजारी पाहता येत नाहीत, आणि हार्मोनिक मोजण्याची सोय नाही. दोन पेडलांच्या लाटा वेगळ्या दिसल्या म्हणून आवाज वेगळा असेलच असे नाही, कारण हार्मोनिकांचे फेज (त्यांच्या लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत ते) बदलले तरी आकार बदलतो आणि कानाला तो फरक सहसा कळत नाही. त्यामुळे मी आवाज संगणकावर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणती वारंवारता किती आहे ते, पाहतो. कॉर्डच्या बाबतीतही पडदा चटकन स्थिर होत नाही: ११० आणि १६५ हर्ट्झच्या पॉवर कॉर्डची (दोन स्वरांच्या कॉर्डची) लाट ५५ हर्ट्झच्या आवर्तनाने फिरते आणि लाट पडद्यावर स्थिर धरणारा ट्रिगर वारंवार सुटतो.

पहिल्याच आठवड्यात सगळ्या लाटांवर ५० हर्ट्झची थरथर दिसत होती. दोष उपकरणाचा नव्हता. शेजारी चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि लांब सुटी वायर हे त्याचे कारण निघाले. पेडलचा ९ व्होल्टचा अडॅप्टर मात्र या ऑसिलोस्कोपला सरळ लावू नये, कारण पेडलांच्या प्लगमध्ये मधला बिंदू ऋण असतो आणि याला तो धन लागतो.

पेडले स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्यांना मी हा निःसंकोच सुचवेन. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पच्या) आत मोजमाप करायचे असेल, तर त्यासाठी हा नको. याच्या इनपुटची मर्यादा ५० व्होल्टची आहे आणि व्हॉल्व्हच्या प्लेटवर कित्येकशे व्होल्ट असतात.