आधी पोल्का शिकावा की माझुर्का?

युरोपात राहता आणि तिथल्या लोकनृत्याच्या वर्गाला जायचं ठरवलंय, पण नाव कशात घालावं कळत नाही? बहुतेक वेळा प्रश्न या दोघांत अडतो.

पोल्का नावावरून पोलंडचा वाटतो, कारण चेक भाषेत पोल्का म्हणजे पोलिश बाई. नाच मात्र बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागाचा. १८३०च्या दशकात तो प्रागमध्ये रुजला आणि १८४०च्या दशकात पॅरिसला त्याचं वेड लागलं. माझुर्का मात्र खरोखरच पोलंडचा, वॉर्साभोवतीच्या माझोव्शे प्रांतातला.

पोल्का दोन मात्रांचा. केरव्यावर टाळी धरणाऱ्याला तो पहिल्याच फेरीत सापडतो. एक लहानशी उडी, मग पाऊल, जोड, पाऊल. पुढच्या वेळी दुसऱ्या पायाने. हे करता करता जोडी गिरक्या घेत सभागृहाला फेरी मारते. पावलं सोपी, पण दम निघतो. फुगडीत मागे रेलून एकमेकींचं वजन तोलतात, तसंच इथेही आहे. पाठीवरचा हात सैल पडला की दोघं बाहेर फेकले जातात.

माझुर्का तीन मात्रांचा. दादरा समजून पाय टाकाल तर फसाल. वजन बहुधा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नसतंच. ते दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मात्रेवर पडतं, आणि कुठे ते चालच ठरवते. अंगात मुरलेली समेची सवय मोडायला मला अख्खा हिवाळा लागला. पण एकदा त्या रेंगाळलेल्या मात्रेवर टाच नेमकी पडली, तेव्हाचा आनंद मला पोल्काने कधी दिला नाही.

संगीतातही हाच फरक आहे. पोल्काला अकॉर्डियन, क्लॅरिनेट, पितळी वाद्यांचा ताफा, आणि मोठं ट्यूबा प्रत्येक मात्रा दणकून सांगतं. खेड्यातल्या माझुर्काला व्हायोलिन पुरतं, साथीला खर्जातलं तंतुवाद्य आणि ढोलकं. व्हायोलिनवाला लय ओढतो, सोडतो. पोलिश संगीतकार शोपाँने ५०हून अधिक माझुर्का लिहिले, ते याच ओढीपायी असावेत.

गुडघे कुरकुरत असतील तर पोल्काच्या उड्या नकोत. फ्रान्स-बेल्जियमच्या बालफोक या लोकनृत्याच्या मेळाव्यांत माझुर्का संथ नाचतात, तो चालेल. लग्नात, जत्रेत अनोळखी माणसांत उतरायचं असेल तर आधी पोल्का. चालीत रमणारे असाल तर थेट माझुर्का. पण पहिल्या दिवशी नाचू नका. खुर्चीवर बसून दुसऱ्या मात्रेवर टाळी द्या. पाच मिनिटं न चुकता जमली की उठा.