फेंगशुईप्रमाणे मांडलेली कामाची खोली: नऊ महिन्यांनंतर

दिवाळीत टेबल फिरवलं तेव्हाच लिहायला बसले होते, पण थांबले. नवी मांडणी महिनाभर सगळ्यांनाच आवडते. आता एक अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढलाय.

खोली आमच्या पुण्यातल्या फ्लॅटची, दहा बाय नऊ. पश्चिमेला खिडकी, पूर्वेच्या भिंतीत अगदी कडेला दार. मी हिशेबाचं काम करते. जीएसटीमुळे महिन्याच्या 11 तारखेपासून 20 पर्यंत मान वर करायला फुरसत नसते. आधी टेबल खिडकीखाली होतं. दुपारी तीननंतर ऊन थेट डोळ्यांत आणि पाठ दाराकडे. मुलगा चहा घेऊन आला तरी दचकायचे.

फेंगशुईचा पहिलाच नियम या दुखण्यावर बोट ठेवतो: पाठीशी भरीव भिंत हवी, दार समोर तिरकं दिसायला हवं, पण दाराच्या सरळ रेषेत बसायचं नाही. टेबल उत्तरेच्या भिंतीपुढे आणलं. दचकणं त्याच दिवशी थांबलं. यात कसली ऊर्जा वगैरे मला दिसली नाही. मागून कोण येतंय याकडे नकळत लक्ष लागून राहतं ते बंद झालं, एवढंच. पण नऊ महिन्यांनंतरही सगळ्यात मोठा फायदा मी यालाच म्हणेन. व्हिडिओ कॉलवर मागे कोरी भिंत दिसते, हा वरचा नफा.

गोची अशी की आता माझं तोंड दक्षिणेला. सासरे दारात उभे राहून बघत होते.

"अगं, दक्षिणेकडे तोंड करून काम? ती यमाची दिशा."

"बाबा, चीनचा बादशहा दक्षिणेकडे तोंड करूनच बसायचा."

"त्यांच्याकडे थंडीत उत्तरेचं वारं हाडं फोडतं, म्हणून. तुला इथे काय टोचतंय?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण बाबांचं बरोबर होतं. बीजिंगच्या जुन्या वाड्यांत मुख्य घर उत्तरेकडे पाठ करून असतं, ते वारं अडवायला आणि हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन आत घ्यायला. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. पुण्यात जूनपासून हे दोन्ही माझ्या पश्चिमेच्या खिडकीतून येतात. म्हणजे माझ्या खोलीत जपायची बाजू तीच! तिथे जाड पडदा लावला आणि फायलींचं रॅक खिडकीपासून हलवलं. कुठल्याही चिनी तक्त्यात हे नव्हतं, पण मला हेच खरं फेंगशुई वाटतं.

तक्त्याची, म्हणजे खोलीचा कुठला भाग संपत्तीचा, कुठला करिअरचा ते सांगणाऱ्या बागुआची, तऱ्हा वेगळीच. होकायंत्राने बघितलं तर संपत्तीचा कोपरा आग्नेयेला, आणि तिथे आमच्याकडे दार उघडून भिंतीला टेकतं. त्यातून लोखंडी कपाटाजवळ गेलं की मोबाइलमधलं होकायंत्र वेड्यासारखं फिरतं. दुसरी पद्धत लिन युन या चिनी फेंगशुई गुरूंच्या पंथाची, अमेरिकेत रुजलेली. तिच्यात दिशा बघायच्याच नाहीत. दारातून आत बघताना डावीकडचा लांबचा कोपरा संपत्तीचा. तो आमचा नैऋत्य कोपरा निघाला, आणि तिथे वास्तुशास्त्राप्रमाणे बाबांनी कपाट ठेवलेलं. शेवटी मनीप्लँट कपाटाच्या डोक्यावर गेला. पाणी घालायला स्टूल लागतं.

पैशाचं विचाराल तर दोन नवे क्लायंट आले, एक जुना गेला, आणि एकाचं बिल मार्चपासून अडकलंय.

टेबल हलवण्याआधी प्लगचा पॉइंट कुठे आहे ते बघा, हे कुणीच सांगत नाही. माझा पॉइंट खिडकीखाली राहिला. दोन आठवडे एक्स्टेन्शनची वायर जमिनीवरून आडवी होती, तिच्यात पाय अडकून मी चालू लॅपटॉपसकट पडता पडता वाचले. मग इलेक्ट्रिशियनने पट्टी मारून पॉइंट टेबलाजवळ आणून दिला.

सगळ्यात फसलेली खरेदी म्हणजे टेबलावरचं कारंजं. उत्तर दिशा पाण्याची आणि करिअरची, म्हणून हौसेने घेतलं. पहिला आठवडा आवाज गोड वाटला, नंतर सारखं बाथरूमला जावंसं वाटायचं. जूनमध्ये आठ-दहा दिवस गावाला गेलो, मोटर बंद, पाणी तसंच. परत आलो त्याच सुमारास पालिकेची माणसं डासांच्या अळ्या तपासायला आली. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला तर पाण्यात वळवळ. डेंग्यूच्या डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते बोलणं परवडलं असतं.

लाफिंग बुद्धा मात्र आहे. हा गौतम बुद्ध नव्हे, बुदाई नावाचा चिनी भिक्षू, हे मलाही घेतल्यावरच कळलं. पंख्याखाली बिलं उडतात, त्यांच्यावर तो बसतो. पोट जड आहे त्याचं.

कारंज्याची मोटर व्यवस्थित चालते. जवळपासच्या कुणाला हवं असेल तर घेऊन जा, फुकट.