स्पेक्ट्रोच्या जुन्या एनटी पीसीला नवा ऑनलाइन यूपीएस: यूएसबी विसरा, कार्डचा खण बघा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, शिवाजी उद्यमनगर या पट्ट्यातल्या बऱ्याच फाउंड्रीत स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोमीटर) अजून ठणठणीत असतो, पण त्याचा पीसी विंडोज एनटी ४.० वर अडकलेला असतो. स्पेक्ट्रोचं कार्ड जुन्या आयएसए स्लॉटचं आणि सॉफ्टवेअर एनटीचं, त्यामुळे नवा पीसी घ्यायचा तर सगळा संचच बदलावा लागतो. तोवर त्या रॅक पीसीला जपण्याशिवाय इलाज नाही. वळवाच्या पावसात लाइन तीनदा ट्रिप झाली की कॅलिब्रेशनची फाइल अर्धवट लिहिली जाते, आणि मग चार्ज भट्टीत तयार असतो, रिपोर्ट मात्र निघत नाही.

हा आढावा त्यासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या यूपीएसचा आहे: १ केव्हीए, सिंगल फेज, ऑनलाइन डबल कन्व्हर्जन, आत १२ व्होल्ट ७ किंवा ९ एएचच्या तीन बॅटऱ्या, मागे यूएसबी, डीबी-९ (नऊ पिनांचं सिरियल) सॉकेट आणि एक कार्डचा रिकामा खण. हा ढाचा अनेक कंपन्यांच्या नावाने मिळतो. निकाल आधीच सांगून टाकू. वीज देण्याच्या कामात याला पैकीच्या पैकी. पीसीला 'लाइट गेली, आवरा' हे कळवण्याच्या कामात, खोक्यातून निघतो तसा, शून्य. ते शून्य एका कार्डाने आणि दोन रेझिस्टरनी भरून निघतं, पण ते कार्ड यूपीएसबरोबरच मागून घ्यावं लागतं.

आधी पीसीच्या मागची नेमप्लेट वाचा. २३० व्होल्ट एसी असेल तर पुढचं सगळं लागू. २४ व्होल्ट डीसी असेल (सीएनसीच्या पॅनलमधले बरेच पीसी तसे असतात) तर हा यूपीएस तुमच्या कामाचा नाही. तिथे पॅनलमधल्या डिन रेलवर (धातूच्या पट्टीवर) बसणारा २४ व्होल्टचा डीसी यूपीएसच लावायचा. त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिले संपर्क मुळातच दिलेले असतात.

ऑनलाइनच का, लाइन-इंटरॅक्टिव्ह (एरवी मेनचीच लाइट पुढे देणारा आणि ती गेली की बॅटरीवर जाणारा) का नको? शेजारी इंडक्शन फर्नेस असेल तर तिच्या थायरिस्टरमुळे व्होल्टेजच्या वेव्हला खाचा पडतात. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस त्या खाचेला लाइट जाणं समजतो आणि दिवसभर टकटक करत बॅटरीवर ये-जा करतो. बॅटरी वर्षभरात बसते. त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करून हे बरंच थांबवता येतं, पण खाचा पीसीपर्यंत जातातच. डबल कन्व्हर्जनमध्ये येणारी लाइट आधी डीसी होते आणि त्यातून नवा साइन वेव्ह तयार होतो, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. भट्टीपासून लांब, साध्या टर्निंग शॉपमध्ये मात्र ऑनलाइनचा खर्च आणि पंख्याचा अखंड आवाज सोसायची गरज नाही.

क्षमतेचं म्हणाल तर पेंटियम-२ च्या काळातला रॅक पीसी साधारण १०० वॅट घेतो, १५ किंवा १७ इंची सीआरटी मॉनिटर तेवढेच. २०० वॅटला १ केव्हीए भरपूर झालं. ७ एएचच्या नव्या बॅटऱ्यांवर अर्ध्या तासाच्या आसपास निघतं. स्पेक्ट्रोचा व्हॅक्यूम पंप यावर टाकू नका. मोटर सुरू होताना ओव्हरलोड होतो आणि पंप बॅटरीवर चालवून काही साधतही नाही. प्रिंटर लेझर असेल तर तोही बाहेरच.

जुन्या बसवणीत पीसीच्या आधी एक जाडजूड सीव्हीटी (व्होल्टेज स्थिर ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) घुमत बसलेला असतो. नवा यूपीएस आणला की वायरमन बहुधा तो तसाच ठेवतो आणि यूपीएसचं आउटपुट त्यात घालतो. हे करू नका. सीव्हीटीसारखा फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मर चालू होताना मोठा करंट ओढतो, यूपीएस ओव्हरलोड दाखवून बायपासवर जातो, आणि रिकामा सीव्हीटीसुद्धा बॅटरीची बरीच ताकद उष्णतेत घालवतो. सीव्हीटी यूपीएसच्या आधी लावला तरी फायदा नाही, कारण जे काम तो करायचा तेच ऑनलाइन यूपीएस अधिक नीट करतो. भंगारात द्या; तांब्याचे पैसे येतील.

अर्थिंगकडे मात्र दुर्लक्ष चालणार नाही. या यूपीएसमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसतो, न्यूट्रल सरळ पुढे जातो. त्यामुळे न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज जेवढं आत येतं तेवढं बाहेर. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थपिटमध्ये पाणी घाला, जोडण्या घट्ट करा, मग यूपीएसचा विचार करा.

आता खरी गोम. एनटी ४.० ला यूएसबीचा पत्ताच नाही, म्हणून यूएसबी सॉकेट बाद. राहिलं डीबी-९. पीसीच्या कॉम पोर्टलाही डीबी-९, यूपीएसलाही डीबी-९, केबल बसते, आणि इथेच लोक फसतात. यूपीएसचं ते सॉकेट २४०० बॉडने बोलतं. विंडोजमधलं हायपरटर्मिनल (सिरियल पोर्टवर बोलायचा प्रोग्रॅम) उघडून कॅपिटल क्यू, मग १ टाइप करून एंटर दाबलं की कंसाने सुरू होणारी आकड्यांची ओळ येते: इनपुट व्होल्टेज, आउटपुट, लोडची टक्केवारी, फ्रिक्वेन्सी, बॅटरी व्होल्टेज, आणि शेवटी आठ शून्य-एक. त्या आठातला पहिला १ झाला म्हणजे लाइट गेली, दुसरा १ झाला म्हणजे बॅटरी संपत आली. एनटीची यूपीएस सर्व्हिस मात्र असं काही वाचत नाही. ती फक्त दोन तारांवरचं व्होल्टेज बघते: पिन ८ म्हणजे सीटीएसवर लाइट गेल्याची खूण, आणि पिन १ म्हणजे डीसीडीवर बॅटरी संपत आल्याची. म्हणून साधी सिरियल केबल लावून सर्व्हिस सुरू केली तर एक तर काहीच होत नाही, नाहीतर नसलेल्या खुणेवरून पीसी बंद व्हायला लागतो. यूपीएससोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर बहुधा एनटीवर चढत नाही. त्यात वेळ घालवू नका.

उपाय त्या रिकाम्या खणात आहे. ड्राय कॉन्टॅक्ट कार्ड मागा, म्हणजे स्वतः व्होल्टेज न देता फक्त स्विचसारखे संपर्क जोडणारं-तोडणारं कार्ड. विक्रेते त्याला एएस-४०० कार्डही म्हणतात. रिलेचं घ्या, ऑप्टो ट्रान्झिस्टरचं नको, कारण ऑप्टोला धन-ऋण सांभाळावं लागतं. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे शेल्फवर मिळेल अशी आशा धरू नका. यूपीएसच्या ऑर्डरमध्येच ते लिहून घ्या, मॉडेल नंबरसकट, कारण एका मेकचं कार्ड दुसऱ्याच्या खणात बसत नाही. कार्डावरच्या पिनांची रचनाही प्रत्येक मेकची वेगळी. मॅन्युअल हरवलं असेल तर मल्टीमीटर बझरवर ठेवा, यूपीएस चालू असताना मेन बंद करा, आणि एरवी गप्प असलेली कुठली जोडी मेन गेल्यावरच वाजते ते शोधा. तीच 'बॅटरीवर आहे'ची जोडी.

जोडणीला लागतं ते एवढंच: पीसीच्या बाजूला डीबी-९ फिमेल, कार्डाच्या बाजूला त्याला बसेल तो कनेक्टर, दोन-तीन मीटर चार कोअरची शिल्डेड केबल, आणि १० किलोओहम पाव वॅटचे दोन रेझिस्टर. एनटीची सर्व्हिस पिन ७ (आरटीएस) कायम धन आणि पिन ३ (टीएक्सडी) कायम ऋण व्होल्टेजवर धरून ठेवते. ही सोय मुळात अशा संपर्कांसाठीच आहे. दोन्ही रिलेंचा कॉमन पिन ७ ला. 'बॅटरीवर आहे'चा नॉर्मली ओपन (एरवी उघडा असणारा) संपर्क पिन ८ ला, 'बॅटरी संपत आली'चा पिन १ ला. मग पिन ८ ते ३ एक रेझिस्टर आणि पिन १ ते ३ दुसरा, दोन्ही पीसीकडच्या कनेक्टरच्या हूडमध्येच (कव्हरमध्ये) सोल्डर करायचे. शिल्ड फक्त पीसीच्या बाजूला जोडा आणि केबल फर्नेसच्या पॉवर केबलला समांतर टाकू नका. रेझिस्टर नसले तरी बहुतेक पोर्ट चालतात, पण भट्टीच्या आवारात उघडी तार अँटेनासारखी वागते. सर्व्हिस चालू असताना पिन ८ आणि ५ (ग्राउंड) मध्ये मोजा: लाइट असताना ऋण, मेन बंद केल्यावर धन दिसलं पाहिजे. रिलेमुळे पीसी आणि यूपीएस यांच्यात विद्युत जोड राहत नाही, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून पोर्ट जळायची भीतीही गेली.

एनटीत कंट्रोल पॅनलमधलं 'यूपीएस' उघडा. कॉम-१ बहुधा आधीच गुंतलेला असतो, म्हणून इथे कॉम-२ निवडा. पॉवर फेल्युअर आणि लो बॅटरी या दोन चौकटींवर टिक करा आणि दोन्हींचं व्होल्टेज पॉझिटिव्ह ठेवा. पॉझिटिव्ह ठेवल्याचा फायदा असा की काही बिघडलं तर केबल उपटली की खोटा इशारा थांबतो. तोटाही तोच: तार तुटली तर इशारा कधीच येणार नाही आणि कुणाला कळणारही नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा चाचणी अटळ.

लो बॅटरीच्या चौकटीबद्दल एक खबरदारी. एनटीला बंद व्हायला निदान दोन मिनिटं हवीत, आणि बॅटऱ्या जुन्या झाल्या की इशारा आल्यावर तेवढा वेळ मिळेलच असं नाही. फाउंड्रीतल्या उन्हाळ्यात तर त्या लवकरच म्हाताऱ्या होतात. दोन वर्षांनंतर ती टिक काढून टाका आणि खाली बॅटरीचं आयुष्य दहा मिनिटं लिहा. तो वेळ सरत आला की एनटी स्वतःच आवरतं. बंद होण्याआधी स्पेक्ट्रोचं सॉफ्टवेअर नीट मिटवायचं असेल तर कमांड फाइल देता येते, पण ती ३० सेकंदांत संपली पाहिजे.

तिसरी चौकट रिमोट शटडाउनची, म्हणजे पीसीने यूपीएसलाच बंद व्हायला सांगण्याची. जुन्या एटी पॉवर सप्लायचा पीसी स्वतः बंद होत नाही, 'आता बंद करायला हरकत नाही' असं पडद्यावर दाखवून तसाच उभा राहतो आणि बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत जाते. कार्डाला रिमोट शटडाउनचं इनपुट असेल तर पीसीच्या पिन ४ मधून ते देता येतं. पण एनटी सुरू होताना सिरियल माउस शोधायला पोर्टवर सिग्नल सोडतं, आणि यूपीएस त्यालाच हुकूम समजून बूट होता होता लाइट कापतो. त्यासाठी बूट डॉट आयएनआय फाइलमध्ये एनटीच्या ओळीच्या शेवटी 'नोसिरियलमाइस' (NoSerialMice) हा स्विच कॉम-२ साठी टाकावा लागतो. रात्रपाळीला लॅबमध्ये माणूस असतोच, तिथे ही तिसरी तार न जोडणं जास्त शहाणपणाचं.

डॉसवरच्या मशीनला यातलं काहीच नको. डॉसला शटडाउन नसतं; बीप ऐकून ऑपरेटरने फाइल सेव्ह केली की झालं. फक्त स्मार्टड्राइव्ह (डॉसचा डिस्क कॅश) चालू असेल तर त्याचं राइट कॅशिंग बंद ठेवा.

भट्टी नसलेल्या ठिकाणी पर्याय म्हणून एपीसीचा एसएमटी-१५०० आय बघण्यासारखा आहे: लाइन-इंटरॅक्टिव्ह, शुद्ध साइन वेव्ह, १५०० व्हीए आणि १००० वॅट, २०० वॅटला तासाभराच्या आसपास बॅकअप. त्याचा सिरियल पोर्ट आरजे-४५ चा आहे, म्हणून हौशी माणूस त्यात लॅनची केबल खुपसतो. तिथे चिठ्ठी चिकटवून ठेवा. एनटीसाठी त्यालाही खणातलं रिले कार्डच घ्यावं लागतं.

फक्त यूएसबीचा यूपीएस आधीच घेऊन बसला असाल तर एक रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक), त्यावर नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर, आणि पाच व्होल्टचं दोन रिलेंचं बोर्ड लावून वरचीच जोडणी करता येते. पायलाही त्याच यूपीएसवरून लाइट द्या. जमतं छान, पण लॅबमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळायला येते आणि ती बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला की कुणालाच तिचा थांग लागत नाही. कार्डच बरं.

बसवणीच्या दिवशी विक्रेत्याच्या माणसासमोर चाचणी करा, पण पीसी यूपीएसवर ठेवून नको. पीसी थेट मेनवर, यूपीएसवर १०० वॅटचे दोन बल्ब, आणि मधे फक्त सिग्नलची केबल. यूपीएसचा प्लग उपटून लाइट घालवू नका, त्याने अर्थिंगही तुटतं; फक्त यूपीएसचा एमसीबी पाडा. पडद्यावर लाइट गेल्याचा संदेश काही सेकंदांत यायला हवा. बल्ब बॅटरी संपेपर्यंत जळू द्या आणि लो बॅटरीचा इशारा आल्यापासून बल्ब विझेपर्यंतची मिनिटं घड्याळावर मोजा. दोनपेक्षा कमी भरली तर त्या बॅटऱ्या दुकानात पडून शिळ्या झालेल्या आहेत, तिथल्या तिथे बदलून मागा.