मोतुल सी १ चेन क्लीन: पुण्याच्या चिखलाला उतारा

पावसात सिंहगड-पानशेत करून आलेल्या गाडीच्या चेनवर चिखल आणि जुन्या ल्यूबचा (वंगणाचा) चिकट थर बसतो. हा स्प्रे तो झटकन सोडवतो आणि ओ-रिंगला, म्हणजे चेनच्या कड्यांमधलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांना, धक्का लावत नाही. पेट्रोलने त्या रिंगा खराब होतात. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हातानेच फिरवा, चालू गिअरमध्ये बोटं तुटतात. फवारा, २-३ मिनिटांनी ब्रश मारा, पुसा. डिस्कवर जुनं वर्तमानपत्र धरा, नाहीतर ब्रेक धरणार नाही. चेन पूर्ण वाळल्यावरच ल्यूब, तेही आतल्या बाजूने. खटकते फक्त किंमत: महिन्यातून दोनदा धुणाऱ्याला ४०० मिलीचा डबा लवकर संपल्यासारखा वाटेल. साध्या, ओ-रिंग नसलेल्या चेनला थोडं डिझेल पुरतं.