इटालियन ड्रेसिंगची तयार बाटली: गहू वर्ज्य असलेल्या घराला चालेल का?

बडोद्याच्या सुपरमार्केटांत इटालियन ड्रेसिंगच्या बाटल्या आता सहज मिळतात. अडीनडीला ठीक, पण सेलिअ‍ॅकचं (गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) पथ्य असेल तर आमचा कौल घरच्या ड्रेसिंगला. खुद्द इटलीत सॅलडवर तेल, व्हिनेगर आणि मीठ थेट घालतात. बाटलीतला हा प्रकार अमेरिकेचा.

बाटली उलटी करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पाणी आणि साखर ऑलिव्ह तेलाच्या आधी असेल तर चव कशाची लागणार ते कळतंच. झॅन्थन गम या दाटपणा आणणाऱ्या घटकाला (लेबलवर आयएनएस 415) घाबरू नका, त्यात ग्लूटेन नसतं. जपायचं ते माल्ट व्हिनेगरला, कारण ते बार्लीचं असतं. मोहरीच्या काही तयार पेस्टमध्येही गव्हाचं पीठ असतं. 'ग्लूटेन-फ्री' छापलेल्या मालात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं, असा आपल्याकडचा नियम आहे. नुसतं 'हेल्दी' लिहिलेलं असेल तर त्यावरून ग्लूटेनचं काहीच कळत नाही.

घरी चार जणांसाठी: 3 मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, 1 मोठा चमचा रेड वाइन व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, पाव छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा मोहरीची पेस्ट (लेबल तपासून), लसणाची अर्धी पाकळी ठेचून, चिमूटभर ओरेगॅनो, मिरपूड. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी आंबटात विरघळवा. मग मोहरी घाला आणि शेवटी बारीक धारेने तेल सोडत फेटा. क्रम चुकला की मीठ तळाशी बसतं आणि शेवटचा घास खारट लागतो. मोहरी तेल आणि आंबट धरून ठेवते. ती नसेल तर काही मिनिटांत थर वेगळे होतात, तेव्हा बरणीला झाकण लावून वाढण्याआधी हलवून घ्या. फार आंबट झालं तर साखर नको, चमचाभर तेल वाढवा.

भाजी खंडेराव मार्केटमधून सकाळीच आणलेली बरी. लेट्यूस बर्फाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवून पंचात अगदी कोरडा करा. ओल्या पानावर तेल टिकत नाही, सगळं तळाशी जातं. टोमॅटोला मीठ लावून 10 मिनिटं निथळू द्या. कांदा पातळ चिरून धुवा, उग्रपणा जातो. वाटीभर शिजवलेले काबुली चणे आणि काळे ऑलिव्ह घातले की पोटभरीचं होतं. बेसिल इटालियनच हवी. घरची तुळस लवंगेसारखी तिखट लागते, इथे जमत नाही. ड्रेसिंग अगदी वाढताना घाला, तेल लागलेलं पान पटकन मरगळतं.

पावाचे तळलेले तुकडे अर्थातच वगळा. पाव कापायची सुरी आणि फळीही वेगळी ठेवा. बडोद्याची सवय म्हणून वरून शेव भुरभुरण्याचा मोह होईल, पण शेवेत बांधणीचा हिंग असू शकतो आणि त्यात बरेचदा मैदा असतो. कुरकुरीतपणासाठी घरी भाजलेले शेंगदाणे वापरा.

उरलेलं ड्रेसिंग फ्रीजमध्येच ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. थंडीने तेल गोठलं तर ते खराब झालेलं नाही, पंधरा मिनिटं बाहेर ठेवून हलवा.