१४३ पीएसची इलेक्ट्रिक गाडी: नऊ महिने, १४ हजार किलोमीटर

इलेक्ट्रिक गाडी घेऊन नऊ महिने झाले. बीडहून छत्रपती संभाजीनगरला महिन्यात चार-पाच चकरा, बाकी गाव आणि शेत. रेंज आणि चार्जिंगवर पुष्कळांनी लिहिलंय. मला एचपीबद्दल लिहायचंय, कारण घेताना याच आकड्यावरून माझा निर्णय चुकता चुकता राहिला.

शोरूममधून दोन गाड्यांची पत्रकं आणली होती. एकीवर १४३ पीएस, दुसरीवर १४१ बीएचपी; दोन्ही एचपीचीच, म्हणजे अश्वशक्तीची मापं. सेल्समन म्हणाला, "साहेब, पहिली दोन घोड्यांनी जास्त आहे." घरी हिशेब केला तर दोन्ही १०५ किलोवॅटच्याच! पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर वर उचलण्याइतकी शक्ती. बीएचपी मात्र ७४५.७ वॅटचा. त्यामुळे तुलना करायची तर आधी सगळे आकडे किलोवॅटमध्ये आणा.

खरा प्रश्न आमच्या आप्पांनी काढला. "आपली विहिरीवरची मोटार पाच एचपी. मग ही गाडी म्हणजे अठ्ठावीस मोटारी झाल्या का रे?" गुणाकार बरोबर आहे, पण तुलना बरोबर नाही. विहिरीच्या मोटारीच्या पाटीवर ३.७ किलोवॅट लिहिलेलं असतं आणि लाईट असेल तर ती रात्रभर तेवढं काम करते. गाडीच्या पत्रकातले १०५ किलोवॅट थोड्या वेळापुरते असतात. तेवढा करंट सतत खेचला तर मोटारीचं वाइंडिंग, इन्व्हर्टर (बॅटरीचा डीसी करंट मोटारीसाठी एसी करणारा) आणि बॅटरी तापतात, मग गाडी स्वतःच शक्ती कमी करते. सलग अर्धा तास टिकणारी शक्ती वेगळी मोजतात. आपल्याकडे त्यासाठी एआयएस-०४१ हे मानक आहे. बऱ्याच गाड्यांत हा आकडा कमाल आकड्यापेक्षा खूप खाली असतो, आणि जाहिरातीत तो छापत नाहीत. मला याचा राग येतो. मोटार घेताना शेतकऱ्याला जे पाटीवर वाचायला मिळतं, ते पंधरा-सोळा लाखांच्या गाडीत का मिळू नये?

रोजच्या वापरात लागते किती, तेही सांगतो. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने स्क्रीनवर ११-१२ किलोवॅट दिसतात, म्हणजे तीन मोटारींएवढं काम. मांजरसुंब्याच्या घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन पन्नासच्या वेगाने चढलो तेव्हाही आकडा २५ च्या आसपास होता. १०५ लागतात ते ट्रकला ओलांडताना, चार-पाच सेकंद.

ते तरी खरंच मिळतात का, हे मला मोजायचंच होतं. जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी आम्हा दोघांसह तोलली: १,६९० किलो. मग जालन्याहून समृद्धीवर गेलो. पुढेमागे गाडी नाही असं पाहून भाच्याने मोबाईलच्या जीपीएसवरचा वेग शूट केला. गाडीचा काटा जरा जास्त दाखवतो, म्हणून जीपीएस. ६० वरून १०० व्हायला ५ सेकंद लागले. वजन आणि दोन्ही वेगांवरून गतिज ऊर्जेतला फरक काढला, त्याला वेळेने भागलं, उत्तर आलं ८३ किलोवॅट. हवा आणि टायर यांच्यासाठी नऊ-दहा किलोवॅट धरले, गिअरमधली थोडी घट धरली, की शंभराच्या जवळ जातं. म्हणजे पत्रकातला आकडा खरा निघाला. मला मनापासून बरं वाटलं.

पण ही बॅटरी ८० टक्के असतानाची गोष्ट. मे महिन्यात, दुपारी, १२ टक्क्यांवर तीच चाचणी घेतली तर ६.४ सेकंद. हिशेबात ६५ किलोवॅट! डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की व्होल्टेज पडतं आणि आपली मोटार नुसती घरघरते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. इथेही तसंच. चार्ज उतरला की बॅटरीचं व्होल्टेज उतरतं, तीच शक्ती द्यायला जास्त करंट लागतो, म्हणून गाडी मर्यादा घालते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वडीगोद्रीच्या अलीकडे ऊसाच्या ट्रॉलीला ओलांडायला निघालो आणि नेहमीसारखी ओढ मिळाली नाही, तेव्हा कळलं. ब्रेक दाबून मागे आलो.

हा घोळ आपल्याकडचाच नाही. टेस्लाने २०१४ मध्ये पी८५डी या इलेक्ट्रिक गाडीसाठी ६९१ एचपी सांगितले होते. ती त्या गाडीतल्या दोन इलेक्ट्रिक मोटारींच्या शक्तीची बेरीज होती. बॅटरी तेवढं देऊच शकत नव्हती. पुढे ४६३ हा आकडा समोर आला.

पेट्रोलशी तुलना करताना आणखी एक लक्षात ठेवा. १२० पीएसचं टर्बो पेट्रोल इंजिन तेवढी शक्ती साडेपाच हजार आरपीएमच्या आसपासच देतं. माझी गाडी साधारण ६० च्या वेगापासून पुढे बराच वेळ पूर्ण शक्तीच्या जवळ राहते. त्यामुळे दाजींची पेट्रोल गाडी कागदावर फार मागे नसली, तरी ओव्हरटेकला फरक जाणवतो.

दाजी आता इलेक्ट्रिक बघतायत. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्यात: अर्ध्या तासाच्या शक्तीचा आकडा लेखी मागा, आणि टेस्ट ड्राइव्हला २० टक्क्यांच्या आत चार्ज असलेली गाडी घ्या.